भोकं पडलेली पानं

८ जुलै २०२४, सोमवार

प्रयोगाच्या वहीत मत लिहायचं नसतं. काय घेतलं, किती घेतलं, काय दिसलं, एवढंच. बावीस वर्षं मी कॉलेजातल्या पोरांना हेच शिकवत आले. पण मतं असतातच, आणि मला जरा जास्तच आहेत असं बाबांचं म्हणणं आहे. तेव्हा ती ठेवायला ही वेगळी वही.

हैदराबादहून पत्र आलं. जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या पाच रानऔषधांची तपासणी आमच्या रसायनशास्त्र विभागाकडे आली आहे. विभाग म्हणजे मी आणि प्रयोगशाळेतला फकिरा. फकिराला निवृत्तीला दीड वर्ष उरलंय आणि तो मला रोज त्याची आठवण करून देतो. काम असं की पाल्याचा अर्क काढायचा, त्यात काय आहे ते बघायचं आणि प्यायल्याने अपाय होतो का ते सांगायचं. अहवाल आरोग्य कार्यालयात जाईल, आणि ते औषध पुढे विकू द्यायचं की नाही ते त्यावर ठरेल.

यादीत पहिलं नाव मीच घातलं, तलमडुगूकडच्या तुळजाबाईचा गुडघ्यांचा काढा. बाजारात भाजीच्या शेजारी पाल्याच्या जुड्या मांडून बसते. अर्धं आदिलाबाद तो काढा पितं. कोणी कधी तपासला नाही.

आई अशीच गेली. साखरेच्या दुखण्यावर कुणा बुवाची पुडी आठ महिने घेत होती, माझ्यापासून लपवून. लेक रसायनशास्त्राची प्राध्यापक, तिला काय सांगायचं, ती ओरडेल. मूत्रपिंडं गेली. त्या पुडीत शिसं होतं हे मी तपासून काढलं, पण तेराव्यानंतर. म्हणून पहिलं नाव मी घातलं. हे प्रयोगाच्या वहीत लिहिता येत नाही.

१२ जुलै, शुक्रवार

फकिराच्या मोटारसायकलवर मागे बसून तुळजाबाईकडे गेले. गाव सोडून डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या, पुढे वांगी-मिरचीचे वाफे. बाई सत्तरीच्या, काटक. धाप लागते म्हणून दोन वर्षांपासून डोंगर चढत नाहीत. पाला तोडायला सून जाते. सपना तिचं नाव, तिशीची असेल, बोलायला भित्री.

पाला रानातल्या पारिजातकाचा. गुपित वगैरे काही नाही, बाईंनी विचारल्याबरोबर सांगितलं. तोडायची रीत मात्र लांबलचक. आदल्या संध्याकाळी डोंगरावर जायचं, झाडाच्या बुंध्याशी चार अक्षता ठेवायच्या, उद्या येते, रागावू नको म्हणायचं आणि हात न लावता परत यायचं. दुसऱ्या दिवशी तोडायचं. थोडक्यात झाडाला चोवीस तासांची नोटीस. फकिरा गंभीरपणे मान हलवत होता, मी हसू दाबत होते.

जुडी सोडली आणि हसू गेलं. एक पान धड नाही. जिकडे तिकडे भोकं, कडा कुरतडलेल्या. आमच्या नमुना-फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, नमुना स्वच्छ, अखंड व कीड नसलेला असावा. तो मजकूर मीच केलेला आहे. मी जुडी परत केली आणि सपनाला जरा सुनावलंही, की माणसांच्या पोटात जाणारी वस्तू आहे, किडलेला पाला लोकांना देताना काही वाटत नाही का? ती लाल झाली. तुळजाबाई म्हणाल्या, "बाई, पानाले आंधी कोनाचं तरी तोंड लागेल पायजे." यावर मी काही विचारलं नाही. आधी नोटीस, आता हे. यादी लांबवायची नव्हती.

साफ पाला मिळाला तरच तपासणी होईल असं सांगून आले.

२९ जुलै, सोमवार

नोंद करण्यासारखं काही नाही, फक्त बाबांचे गुडघे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस पायी स्टेशनपर्यंत जाऊन वर्तमानपत्र घेऊन येतोय. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरत होते. मी आणून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या अखेर लागू पडल्या म्हणायच्या.

त्यांना अलीकडे बिनदुधाचा चहा आवडायला लागला आहे. सकाळी मी कॉलेजला निघाले की स्वतः करून घेतात. पेल्यात तळाशी तपकिरी कडं राहतं, कडू वास येतो. किती उकळतात कोण जाणे.

१४ ऑगस्ट, बुधवार

सपना आली. बसने, एकटी, ओल्या फडक्यात पाला बांधून. फडकं उघडलं आणि फकिरासुद्धा वा म्हणाला. एकेक पान तळहाताएवढं, हिरवंगार, एकाला भोक नाही. डोंगरावर सगळी किडकीच आहेत, म्हणून खाली शोधलं म्हणाली. डोंगर संपतो तिथे कापसाचं शेत लागतं, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सात-आठ झाडं आहेत, तिथली ही.

मी तिला खुर्ची दिली, चहा दिला. तिला चहा देणारी प्राध्यापक बहुधा पहिल्यांदाच भेटली असावी. खूश दिसत होती. जाताना तिला म्हटलं, गिऱ्हाइकांनाही आता अशीच पानं देत जा. तिने मान डोलावली. अक्षता ठेवल्या का म्हणून फकिराने विचारलं, तर धुऱ्यावर कशाला, तिथे रोजच माणसं असतात, म्हणाली. बघा, एका महिन्यात एक खूळ कमी झालं. शिक्षणाचा परिणाम होतो.

१९ ऑगस्ट, सोमवार

पाला सावलीत वाळला. फकिराचं निरीक्षण असं की आमच्या प्रयोगशाळेत साखरेच्या एका कणाला दहा मुंग्या येतात, पण पाच दिवस या ट्रेकडे एक मुंगी फिरकली नाही. "मॅडम, कोनी याच्यावर बसून नाही राह्यलं." मी म्हटलं, मग मी तुम्हाला रोज झाडू मारायला लावते ते फुकट नाही गेलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं.

आमची चाचणी गरिबाची आहे. शोभेच्या माशांना खायला घालतात ती झिंग्यांची अंडी मिळतात. मिठाच्या पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी पिलं निघतात, टाचणीच्या टोकाएवढी, उजेडाकडे पोहत जाणारी. त्यांच्या पाण्यात काढा टाकायचा, पातळ, मध्यम, दाट, आणि चोवीस तासांनी किती जिवंत आहेत ते मोजायचं.

चोवीस तास थांबावं लागलं नाही. दाट काढ्यातली सगळी अर्ध्या तासात तळाला. मधल्यातली जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सर्वात पातळ काढ्यातलीही चार वाजेतो गेली, आधी गरगर फिरून आणि मग तडफडून. निव्वळ मिठाच्या पाण्यातली मात्र मजेत पोहत होती.

स्वतःशीच कबूल करते. मला आनंद झाला. आईच्या वेळी जे हाताला लागायला उशीर झाला ते या वेळी वेळेवर लागलं, असं वाटलं. फकिरा भिंगातून बघून म्हणाला, पाल्याने असे झटके येऊन मरतात का हो, मॅडम? त्याला म्हटलं, तुमचा विषय मिठाचं पाणी करणं, तेवढं करा. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा त्याचा प्रश्न ऐकायचा नव्हता.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तीनदा चाचणी केली, तिन्ही वेळा तेच. अर्काचा एक नमुना हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आहे, त्यात नेमकं द्रव्य कुठलं ते कळेल. पण त्यांचा निकाल यायला महिना लागणार. तोवर लोकांनी पीत राहायचं? तशीच वाट बघत बसले असते तर आईसमोर काय तोंड दाखवलं असतं? (ती नाही, तरी हे वाक्य असंच येतं.)

आज अहवाल दिला. सदर वनस्पतीचा काढा तीव्र विषारी, मनुष्याच्या सेवनास अयोग्य. खाली सही, पद्मिनी हणमंतराव, तारीख, शिक्का.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

कारवाई झाली. बाजारात तुळजाबाईच्या सगळ्या जुड्या जप्त केल्या. काही लोकांनी घरून विकतच्या जुड्या आणून तिच्यापुढे टाकल्या म्हणे. ती भाजी तशीच ठेवून उठून गेली, हे फकिराने सांगितलं. आज तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी पस्तीस वर्षं तहसील कचेरीत पेशकारी केली, साहेबांपुढे कागद मांडायचे. अजून त्यांच्या डोक्यात मिसली आणि पेशी, म्हणजे फायली आणि सुनावण्या, असतात. त्यांनी विचारलं, "तिचा उजर घेतला का कोनी?" म्हणजे तिचं म्हणणं लिहून घेतलं का. मी म्हटलं, बाबा, रसायनशास्त्रात उजर नसतो, निकाल असतो.

मग भाकरी मोडत म्हणाले, "आन कोनी दोन-तीन वर्षं पेत आला असंल, त्याचं काय झालं असतं?"

"एव्हाना राहिलाच नसता," मी म्हटलं.

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि ताटावरून उठले. ओळखीचं कोणी पीत असावं, काळजी वाटली असेल. त्यांचीही तब्येत पंधरा दिवसांपासून बरी नाही. डोळ्यांतून सारखं पाणी, अंगाला घाम, तोंडाला पाणी सुटतं म्हणतात. डोळ्यांत घालायला थेंब आणलेत. मोतीबिंदू असावा.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस लिहायला सुचलं नाही. बाबा दवाखान्यात आहेत. आता बरे आहेत, हे आधी लिहिते म्हणजे हात चालेल.

गुरुवारी दुपारी शेजारणीचा फोन आला. घरी पोचले तर बाबा ओसरीवर, कपडे घामाने भिजलेले, उलट्या, पाय थरथरत होते, लाळ गळत होती. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि तेलुगूत विचारलं, शेतात फवारणी केली का यांनी? मी म्हटलं, आम्हाला शेत नाही. मग घरी फवाऱ्याचा डबा आहे का? नाही. बाई म्हणाल्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. या दिवसांत असे पेशंट रोज येतात, सगळे कापसाच्या शेतातून. इंजेक्शनं सुरू केली. संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले.

मी विचारलं, बाबा, काय खाल्लंत? त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाले, "काढा. दोन पेले. रोज एक पेतो, तीन वर्षं झाले."

मग आज दोन का, मी विचारलं.

"तू म्हनली तीन वर्षांत मानूस मरते. म्या तर मेलो नाही. मंग म्हटलं, दुप्पट पेऊन दाखवतो. गवाह लागते न, पद्मे. तिच्याकडून बोलनारं कोनीच नव्हतं."

इतकं हसू आणि इतकं रडू एकदम यावं असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी रडले. नर्सने बाहेर जायला सांगितलं.

२२ सप्टेंबर, रविवार

बाबांचं धुतलेलं धोतर घ्यायला घरी आले. ते म्हणाले होते, जुड्या कपाटात, आईच्या पेटीत, साड्यांखाली. चार वर्षं मी ती पेटी उघडली नाही, हे त्यांना माहीत होतं.

आत दोन जुड्या होत्या. एक जुनी, अर्धी संपलेली, पावसाळ्याआधीची, अगदी तळाशी दबून राहिलेली. एक नवी, ऑगस्टच्या अखेरीची. जुनीतली पानं चाळणीसारखी. नवीतली पानं मोठी, तळहाताएवढी, एकाला भोक नाही.

मी जमिनीवर बसून या वहीची पानं मागे उलटली. बारा जुलै. चौदा ऑगस्ट. सगळं माझ्याच अक्षरात लिहून ठेवलेलं आहे. डोंगरावरची किडकी म्हणून मी परत केली. साफ पाहिजे म्हणून ती धुऱ्यावर गेली. कापसावर फवारा मारतात, तो धुऱ्यावरच्या झाडांवर उडतो, म्हणून त्या पानांना कीड नाही. मुंगीसुद्धा नाही. गिऱ्हाइकांनाही अशीच देत जा, हे मी म्हटलं होतं. चहा पाजून म्हटलं होतं.

तुळजाबाईच्या काढ्यात विष नव्हतं. ते माझ्या फॉर्मवरून आलं आणि माझ्याच घरातल्या पेल्यात उतरलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

सोमवारी पहिलं काम, आरोग्य कार्यालयात फोन. मग फकिरा आणि सपनाला घेऊन ऑगस्टच्या मध्यापासून जुड्या नेलेल्यांची घरं शोधत फिरलो. सपनाला घरं पाठ आहेत. एकोणीस घरं. बहुतेकांनी बाजारातल्या गोंधळानंतर टाकून दिल्या होत्या. दोघांना आधी उलट्या, घाम, बाबांसारखंच झालं होतं, आता बरे आहेत. म्हणजे माझ्या अहवालाने झाडाला खोटं ठरवलं आणि त्याच अहवालाने ही माणसं वाचली. हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या बाजूचं आहे म्हणून मला ते आवडतंय, हे ध्यानात ठेवायचं.

सपना वाटेत एकदाच बोलली. "सासूबाई नको म्हनत होत्या. म्याच म्हटलं, मॅडमनं सांगतलं." नंतर पदराने तोंड झाकून रडत होती. तिला काय सांगू? चूक माझी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

आज दोन्ही जुड्यांचा काढा झिंग्यांच्या पाण्यात टाकला. नव्या जुडीतला, अर्ध्या तासात सगळी तळाला. जुन्या जुडीतला, आता सहा तास झाले, पोहत आहेत. फकिरा स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसून राहिला, घरी जायला तयार नव्हता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चोवीस तास झाले. जुन्या काढ्यातली पन्नासांतली अठ्ठेचाळीस जिवंत. मिठाच्या पाण्यातलीही अठ्ठेचाळीसच. फकिराला म्हटलं, त्या दिवशी तुम्ही बरोबर विचारलं होतं. तो म्हणाला, "दीड वर्षात एकडाव तरी बरोबर निंघाव न, मॅडम."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

हैदराबादचा निकाल आला. नमुन्यात कापसावर मारायच्या कीटकनाशकाचा अंश, भरपूर. पारिजातकाच्या पानात एरवी जे असतं तेही आहे, त्याने काही मरत नाही, निदान झिंगे तरी.

दुरुस्तीचं पत्र घेऊन आरोग्य कार्यालयात गेले. अधिकारी भले गृहस्थ, चहा मागवला. म्हणाले, विष सापडलं होतं ना? मग अहवाल बरोबरच आहे. पाच वर्षं नोकरी राहिली तुमची, आपल्या हाताने आपल्या सहीवर रेघ का मारता? बाईची जप्ती हळूच सोडून देऊ, कोणाला कळणार नाही.

लिहायला लाज वाटते, पण घरी येईपर्यंत मला ते पटलं होतं. बाबा पलंगावर बसून कागदावर काही खरडत होते. मला म्हणाले, ऐक. आणि कचेरीतल्या आवाजात वाचलं. मी हणमंतराव, उमर अठ्ठ्याहत्तर, माजी पेशकार, राहणार आदिलाबाद, होशोहवासमध्ये लिहून देतो की तीन वर्षं काढा पिऊन माझे गुडघे दुरुस्त झाले, आणि बिघाड झाला तो फक्त नव्या जुडीने, जी माझ्या लेकीच्या सांगण्यावरून बदलली गेली. सही. गवाह म्हणून शेजारणीची पण सही घेतली होती.

"लेकीचं नाव काऊन घातलं, बाबा?"

"मिसल पुरी पायजे," ते म्हणाले. "अर्धी मिसल म्हंजे खोटी मिसल."

थोड्या वेळाने, मी न विचारताच, म्हणाले, "तुह्या आईनं तू रागावशील म्हनून लपवलं. म्या तू भिशील म्हनून लपवलं. दोघंबी चुकलो." मी त्यांच्या हातातला कागद घेतला.

मग पुन्हा कार्यालयात गेले, चालत. दोन्ही कागद आवक विभागात दिले आणि शिक्का मारून पोच घेतली. पहिल्या अहवालावर मीच रेघ मारली आणि तीच प्रत वर्तमानपत्रालाही दिली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

तुळजाबाईकडे गेले. एवढे दिवस धीर झाला नव्हता. जप्ती सुटलेली, वर्तमानपत्रात आलेलं, पण त्या बाजारात गेल्या नाहीत. वाफ्यात खुरपत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत.

मी वाफ्याच्या कडेला बसले. माफी मागायची होती, पाठ करून आले होते, पण त्यांनी खुरपं थांबवलं नाही आणि माझं पाठांतर मधेच तुटलं. शेवटी विचारलं, बाई, तुम्हाला माहीत होतं तर सुनेला अडवलं का नाही?

"अडवलं," त्या म्हणाल्या. "मंग मनात आलं, तुमी शिकलेल्या. तुमाले माह्याहून जास्त ठाऊक असंल."

याहून मोठी शिवी मला आयुष्यात कोणी दिली नसेल. त्यांच्या बोलण्यात शिवीचा लवलेशही नव्हता.

मग त्यांनीच विचारलं, विष आहे हे तुमाले कसं समजलं? मी झिंग्यांचं सांगितलं. मिठाचं पाणी, बारीक पिलं, त्यात काढा टाकायचा, मरतात की पोहतात ते बघायचं. त्यांचं खुरपं थांबलं. नीट ऐकून घेतलं, पिलं केवढी असतात, किती वेळ थांबायचं, हेही विचारलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तुमीबी आंधी किड्यालेच चाखाले देता."

मी हो म्हटलं.

"मंग त्या दिवशी मले काऊन हसल्या?"

मी हसू दाबलं होतं. म्हणजे दबलेलं नव्हतं. त्यांना सांगितलं, तुम्ही काय म्हणताय ते विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. माफ केलं का ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण उन्हं उतरल्यावर आतून चिमूटभर अक्षता आणून माझ्या हातावर ठेवल्या. सपनासोबत जा म्हणाल्या, मले धाप लागते.

डोंगर चढले. कापसाचं शेत संपून सागाची झाडं लागली, त्याच्याही वर. आता कळलं की ही आदल्या दिवशीची फेरी नुसती नोटीस नाही. झाड कसं आहे, आजूबाजूला कोणी काय शिंपडलंय, कीड लागलीये का, हे सगळं हात न लावता बघायला तो एक दिवस आहे. किंवा नसेलही, मीच शहाणपणा शोधत असेन. सपनाने पानं उलटून दाखवली. खाली बारक्या हिरव्या अळ्या, चांगल्या पोसलेल्या. बुंध्याशी अक्षता ठेवल्या. उद्या येते, रागावू नको, हे शब्द तोंडातून काढायला मला जरा वेळ लागला. सपना दुसरीकडे बघत उभी राहिली.

९ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे जाऊन पाला तोडून आणला. नमुना-फॉर्म नवा छापून घेतला आहे. त्यात आता तोडण्याची जागा, जवळचं शेत, शेवटची फवारणी आणि तोडणाऱ्याचं म्हणणं असे रकाने आहेत. शेवटच्याला बाबांच्या आग्रहावरून 'उजर' असंच नाव दिलंय. 'कीड नसलेला असावा' ही ओळ काढली. आजच्या नोंदीत लिहिलं, पानं एकशे दहा, पैकी ब्याण्णवांना भोकं, नमुना स्वीकारला. तुळजाबाईचं नाव पहिल्या रकान्यात, पूर्ण, त्यांनी सांगितलं तसं.

काढा निर्धोक आहे असं मी अजून म्हणत नाही. झिंगे पोहले म्हणजे माणूस पोहेल असं नाही. हैदराबादला नवा नमुना जाईल, बाबांच्या रक्ताची तपासणी होईल, वेळ लागेल. तोवर जुड्या विकायच्या नाहीत, हे तुळजाबाईंनीच ठरवलं. भाजी घेऊन बाजारात मात्र उद्यापासून बसणार आहेत.

संध्याकाळी बाबांनी पेला पुढे केला. रिकामा, घासलेला. म्हणाले, गुडघे धरून राहिलेत, कधी मिळणार?

मी म्हटलं, आता ओळीने. आधी किडे, मग झिंगे, मग मी, मग तुम्ही.

त्यांनी थोडा विचार केला आणि पेला माझ्यापुढे ठेवला.

"मंजूर," म्हणाले.